बमरीडीहची हजेरी

"चौथं नाव," नूतन म्हणाली. "सुखराम."

"हव."

मान वर न करता तिनं बोट पुढच्या नावावर सरकवलं. कागद घडीवर फाटायला आला होता, शाई तपकिरी झाली होती. सहावीच्या इतिहासाचं वर्षाचं नियोजन चार वाजेपर्यंत मुख्याध्यापिका मोनाली मॅडमना पाठवायचं होतं, आणि 'आपला परिसर' या घटकापुढची उपक्रमाची जागा अजून रिकामी होती. नूतननं ठरवलं होतं: कारखान्यासाठी उठवलेल्या बमरीडीह गावाची हजेरी. वर्गातल्या मुलांनी आळीपाळीनं त्या गावातलं एकेक नाव घ्यायचं, पुकारा झाला की तिथल्या बोलीत 'हव', म्हणजे 'हो', म्हणायचं. कुठलाही नवा उपक्रम ती आधी घरी लेकीवर, उन्नतीवर करून बघायची. या वर्षी तर उन्नती सहावीतच जात होती. त्या वर्गात तीही बसणार होती.

कागद तिच्या सासऱ्यांच्या, जानरावांच्या पेटीतला होता. जानरावांचे वडील नरहरी भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात आले आणि ठेकेदाराकडे हाजरी बाबू, म्हणजे हजेरी घेणारे कारकून झाले. बमरीडीह उठलं त्या दिवशी नावं त्यांनीच पुकारली. घरटी एक नाव. ज्यानं 'हव' म्हटलं त्याच्यापुढे खूण, आणि ते घर ट्रकमध्ये. सतरा घरं, सतरा खुणा.

जानराव दिवाणावर डोळे मिटून ऐकत होते. कूलर घरघरत होता. मे महिन्याची दुपार, दारं-खिडक्या लावलेल्या.

"बुधराम."

"हव."

"कौशल्या."

"हव."

पोरगी आवाज बदलून देत होती, कधी खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा, कधी घाईतल्या बाईचा. नूतनला हसू आलं. वर्गात मजा येईल.

अकरावं नाव. "दुकलहिन."

काहीच नाही.

"दुकलहिन बाई. दे ना वं आवाज, झोपली का?"

"मम्मी, इसका नहीं आ रहा."

"काय नाही येऊन राहिलं?"

"आवाज."

"आवाज तर तूच देऊन राहिली ना."

"मी कुठं?" उन्नतीनं तोंडातली आंब्याची कोय काढली. रस कोपरापर्यंत ओघळला होता. दुसऱ्या हातात पेन्सिल होती. "मैं तो सिर्फ टिक कर रही हूँ."

नूतननं मान वर केली. उन्नतीच्या वहीत दहा खुणा होत्या, एकाखाली एक, नीट. दहाही नावं वाचताना आपण एकदाही पोरीकडे पाहिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं उन्नतीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"पुरे झालं. ऊठ, हात धू."

"हाजरी पुरी नाही झाली."

दिवाण करकरला. जानराव उठून बसले होते.

"टिक मार बेटा," ते म्हणाले. "मार अन् ऊठ."

"पर वो बोली नहीं, आबाजी."

"तवाही नव्हती बोलली."

नूतननं त्यांच्याकडे पाहिलं. "मामाजी, कागदावर तर खूण आहे."

"माह्या बापानं तीन डाव पुकारलं. ट्रक चालू करून ठेवला होता, ठेकेदार घड्याळ पाहून राहिला होता. मारली खूण. दुसऱ्या दिवशी घरं पाडली, तिचंही."

"मग कोणी मोजलं नाही, लोक किती उतरले ते?"

"मोजलं ना. सतरा खुणा होत्या."

कूलरची हवा कागदाचा कोपरा उचलून खाली टाकत होती.

"मॅडमले दुसरं काही पाठव," जानराव म्हणाले. "किल्ला-गिल्ला बनवा म्हणा मातीचा. पोरायले तेच आवडते."

नूतननं उन्नतीचा दंड धरला. ती उठेना. रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. शाळेत हजेरी चालू असताना बसतात तशी मांडी घालून, बंद दाराकडे कान देऊन बसली होती. पेन्सिलीचं टोक अकराव्या ओळीवर टेकलेलं. नूतननं पुन्हा ओढलं, मग सोडून दिलं. दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले होते आणि पोरीनं ते पाहिलेही नव्हते.

फोन वाजला. मोनाली मॅडमचा मेसेज: उपक्रम कळवा, बाकी सगळ्यांचं आलं. नूतननं 'मातीचा किल्ला' लिहिलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर थांबला. वर्गात बेचाळीस मुलं होती, ती तरी यातून सुटली असती. पण एवढं पाठवून टाकलं तरी ही आता, इथं, या चटईवरून कशी उठणार?

तिनं फोन उपडा ठेवला. उठून कूलर बंद केला, मग पंखाही. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की जानरावांचा श्वास ऐकू आला.

"नूतन, नको," ते म्हणाले. "माह्या बापानं पाहा, मरेपर्यंत ते नाव पुन्हा घेतलं नाही."

"म्हणूनच, मामाजी."

ती परत चटईवर लेकीजवळ बसली. कागद घेतला नाही. शेजारणीला दारातून हाक मारावी तशी हाक मारली.

"दुकलहिन बाई."

थांबली. पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. जानराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. तिनं पाहिलं नाही. पाठीवरून घाम उतरत गेला. बाहेर गल्लीत ऊन होतं आणि कोणी नव्हतं.

बराच वेळ गेला. मग उन्नतीनं अकराव्या ओळीवर खूण केली, पेन्सिल खाली ठेवली आणि चटईवर बाजूला सरकली, एका माणसापुरती.

तिनं मोकळ्या जागेकडे पाहिलं. आणखी थोडी सरकली.

"मम्मी," ती हळू आवाजात म्हणाली, "तू भी सरक."