डावा कौल

देवळातून परत आलेल्या नम्रताने अंगणातल्या नळावर पाय धुतले, पदराला हात पुसले आणि ती म्हणाली, "डावा झाला."

सानवीच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. मुंबईच्या कॉलेजात बोटीवर अधिकारी होण्याच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला होता. जागा हवी की नको, हे शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. आज गुरुवार होता.

"आई, परत एकदा विचारून बघ ना."

"देवाला परत परत विचारायचं नसतं, सानू. चल, वेणी घालते. केस बघ कसे झालेत."

सतरा वर्षांची सानवी पाटावर बसली. तिची वेणी अजून आईच घालत असे.

गुहागरच्या अलीकडच्या त्या गावात कौल लावायचे ते धाकू गुरव. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लोक लग्नाला, विहिरीला, नव्या होडीला कौल लावत. सानवीच्या घरी तो शाळेच्या सहलीलाही लागे.

आठवीत पन्हाळ्याची सहल होती, तेव्हा डावा झाला. नववीत रत्नागिरीला तीन दिवसांचं शिबिर होतं, तेव्हाही डावाच. दहावीला चांगले मार्क पडले, चिपळूणला मावशीकडे राहून शिकायचं ठरत होतं, तर आई एकटीच सकाळी देवळात जाऊन आली आणि सानवीने गावाजवळच्या कॉलेजात नाव घातलं.

नम्रता कधी ओरडत नसे. ओरडणाऱ्या आईशी भांडता तरी येतं. हिचं म्हणणं एवढंच, "मी कोण नको म्हणणारी? डावा झाला." आता देवाशी भांडायला वकील कुठून आणायचा? सानवी रुसली तर आई तेव्हाही काही बोलत नसे, फक्त जेवत नसे. शेवटी सानवीच ताट वाढून तिला हाक मारी आणि चुकल्यासारखं तोंड करून समोर बसे. चुकलं काय होतं, हे मात्र तिला कधी कळलं नाही.

त्या रात्री वडिलांचा फोन आला. संदेशची बोट सिंगापूरजवळ होती.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना आईला."

"अगो, घर ती सांभाळते. ती म्हणेल तसं."

सात समुद्र ओलांडणाऱ्या या माणसाला बायकोचा शब्द काही ओलांडवत नव्हता.

सानवीला झोप लागेना. चार वर्षांत सात कौल आणि सातही डावे. नाणं उडवलं तरी एखादा छापा पडतोच की. आई खोटं सांगत असेल तर? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला. पण विचार काही गेला नाही.

शुक्रवारी सकाळी नम्रता मासळी आणायला बंदरावर गेली, तशी सानवी देवळात पोचली. धाकू गुरव निर्माल्य गोळा करत होते.

"धाकूआजा, एक विचारू? खरं सांगाल?"

"देवाच्या दारात हाय गो मी. खोटा कशाला बोलू?"

"काल आई आलेली. कौल काय झाला?"

"डावा."

"नक्की?"

"माज्या हातानं लावला. डावी कळी लगेच सुटली."

"आणि त्याच्या आधीचे? सहलीचा, शिबिराचा, चिपळूणचा?"

म्हाताऱ्याने टोपली खाली ठेवली. "समदे डावेच. तुजी आय खोटा नाय बोलली, बाय."

सानवी पायरीवर बसली. आई खोटारडी निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. म्हणजे देवच नको म्हणत होता. तिने मोबाईल काढला आणि कॉलेजला निरोप लिहायला घेतला. डोळे भरले होते.

"रडतस कशाला?" धाकू जवळ आले.

"मुंबईची जागा सोडतेय. बोटीवर जायचं होतं मला, बाबांसारखं. पण देवाच्या मनात नाही ना."

"देवाच्या? तुला कोण बोल्ला?"

"तुम्हीच तर. काल माझा कौल डावा झाला ना?"

धाकू तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

"तुजा? तुजा कौल मी आजपातूर लावलेला नाय. ज्येचा कौल, त्येनं सोता हुबा ऱ्हावा लागता, ही गावची रीत हाय. तू कधी आलीस हुबी ऱ्हायला?"

"मग आई इतकी वर्षं कोणाचा कौल लावते?"

"तिचाच." म्हातारा अवघडला. दुसऱ्याचं गाऱ्हाणं बाहेर सांगू नये, हे त्याला कळत होतं. पण समोर पोरगी रडत होती. "दरवेळी एकच इचारते. हात जोडते नि बोलते, 'म्हाराजा, पोर गेली तर मना एकटीला त्या घरात ऱ्हावंल काय?'"