कुशाबाचं निवळशंख पाणी

थंडीत कुणी उतरत नाही म्हणून लालबागच्या त्या टॉवरमधला स्विमिंग पूल होळीपर्यंत बंद ठेवायचं ठरलं. तो सांभाळणाऱ्या कुशाबाने तीन दिवस पाण्याचा पिच्छा पुरवला. ॲसिड जास्त पडलं की सोडा, सोडा जास्त झाला की पुन्हा ॲसिड. शेवटी पाणी असं निवळशंख झालं, की तळाच्या लाद्या वरून मोजता याव्यात. मग क्लोरीनचा शेवटचा डोस टाकून, वर ताडपत्री ओढून तो कणकवलीला गावी गेला.

पण जीव त्या पाण्यातच अडकलेला. रोज वॉचमन शामरावांना फोन. "काका, ताडपत्री हलली नाही ना? कुणाला हात लावू देऊ नका हां."

"अरे, सुट्टीवर गेलायस ना? आराम कर की!" शामराव वैतागायचे.

माघी गणेशजयंतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन उचलला, तेव्हा मागे ढोल-ताशा दणाणत होता. कुशाबा ओरडूनच म्हणाला, "काका, ताडपत्री?"

 

"काढली ना! सगळे तुझंच कौतुक करतायत रे. सेक्रेटरी म्हणाले, एवढं स्वच्छ पाणी बाप्पाला चौपाटीवर तरी मिळालं असतं का!"