नवे ब्रेकपॅड

नंदूच्या पत्राला देवदत्तांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. या मेव्हण्यानं आपली जुनी गाडी त्यांना विकली आणि मागाहून कुर्डुवाडीहून लिहिलं, "नवे ब्रेकपॅड टाकून दिलेत. त्याचे अडीच हजार आधी पाठवा, मगच ताईला भाऊबीजेला आणा." असं काही ठरल्याचं देवदत्तांना आठवेना, पण आपणच विसरलो असू, या शंकेनं पेन कागदाला लागलं नाही. पत्नी अनसूयाबाईंची भाऊबीज मात्र सुनी गेली.

आज ब्रेक फारच करकरले, म्हणून गाडी सिद्धरामच्या गॅरेजात नेली. त्यानं चाक उघडलं.

"काका, नवे कसले? कंपनीतून आलेलेच हायत की हे! लोखंडाला लोखंड घासतंय. काकूंना घिऊन कुटं मरायला निघाला व्हता?"

"माझंच काही चुकलं असेल..."

"तुमचं न्हाय. नवे म्हणून सांगितलं त्याचं."

नवे बसवून, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून त्यानं जुने पॅड देवदत्तांच्या हातात ठेवले. ते कागदात गुंडाळून देवदत्त थेट पोस्टात गेले.

"एवढं जड? काय आहे आत?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.



"मेव्हण्यानं बहिणीला दिलेली ओवाळणी," देवदत्त म्हणाले, "परत पाठवतोय."