बद्रीनाथचं ऑपरेशन

“कुणाला सांगून पटत न्हाई, साहेबराव, पण ह्याच खाटेवर मी झोपलेलो हाय,” बद्रीनाथ म्हणाला. “अन् माझा मुतखडा तुमच्यापेक्षा मोठा होता. लिंबाएवढा!”

साहेबरावांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. “असंल. मी न्हाई करून घेत.”

बद्रीनाथने हातातला ट्रे टेबलावर आदळला. जालन्याच्या या दवाखान्यात तो मूत्रविकाराच्या डॉक्टरांचा असिस्टंट होता. नळी घालणं, पेशंट तयार करणं, ऑपरेशनच्या वेळी दुर्बीण हातात देणं, यात त्याला काही अवघड वाटत नसे. अवघड होती ती माणसं.

डॉक्टर औरंगाबादहून फक्त गुरुवारी यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. हसनाबादच्या साहेबरावांनी आधीचे दोन गुरुवार वाया घालवले होते. पहिल्यांदा अमावास्या निघाली. दुसऱ्यांदा पोट रिकामं ठेवून यायला सांगितलं, तर गडी भगर खाऊन आला. भगर उपासाला चालते, मग ऑपरेशनला का चालू नये, यावर तासभर वाद घातला, तो वेगळाच.

आज सगळं बराबर जुळलं होतं, तर माणूस चादरीत.

“अहो, खड्यानं लघवी तुंबून मूत्रपिंडाला सूज आली,” बद्रीनाथ म्हणाला. “आजचा दिवस गेला तर पुढच्या गुरुवारी डॉक्टर हातबी लावणार न्हाईत. मूत्रपिंड गेलं म्हणून समजा.”

“जाऊ द्या. दोन असतात.”

“हे कुणी सांगितलं?”

“धर्मराजनं. आमच्या गावातला हाय.” साहेबरावांनी आवाज खाली आणला. “तो म्हणला, दुर्बीण ज्या वाटंनं आत जाते, ती वाट मंग कामाची राहत न्हाई. आमच्या लग्नाला पाच सालं झाली, भाऊ. अजून लेकरू न्हाई.”

“धर्मराज करतो काय?”

“विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो.”

“मंग त्याला मोटारीचं विचारा ना!”

खाटेच्या पायथ्याशी साहेबरावांची बायको गोजरबाई बसली होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. नुसती बद्रीनाथच्या तोंडाकडे पाहत होती. नवऱ्याची काळजी, दुसरं काय! आता मात्र ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही कसे तयार झाल्ते, ते सांगा ह्यांना.”

बद्रीनाथने कपाळावरचा घाम पुसला आणि स्टूल ओढलं.

“तयार कशाचा? पळून गेल्तो! नळी लावलेली, लघवीची पिशवी हातात, तसाच जाऊन भोकरदनच्या यष्टीत बसलो. पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणतो, ह्या तेलाचं लगेज लागंल!”

साहेबरावांच्या चादरीतून खुसखुस ऐकू आली.

“मंग?” गोजरबाईने विचारलं.

“मंग काय, बायको आली मागून पळत. भरल्या यष्टीतून ओढून काढलं मला.”

“धीराची हाय बाई. नाव काय तिचं?”

“प्रेमला.”

“माहेर?”

“माहेर… इथलंच, जालन्याचं.” बद्रीनाथ वैतागला. या बाईला खड्यापेक्षा माहेराची पडली होती. “ते जाऊ द्या. तिनं ओढत आणलं अन् ह्याच खाटेवर टाकलं. खडा निघाला. साहेबराव, ऐका, वर्षाच्या आत पोरगा झाला मला! वसंता. आता शाळेत जातो अन् मास्तरचं डोकं खातो.”

चादर हनुवटीवरून छातीपर्यंत खाली आली.

“दुर्बिणीचंच ऑपरेशन होतं?”

“दुर्बिणीचंच.”

“त्याच वाटंनं?”

“दुसरी वाट हाय का, साहेबराव?”

“बिलकुल खरं?”

बद्रीनाथने छातीवर हात ठेवला. “पोराची शपथ.”

साहेबराव बायकोकडे पाहू लागले. तिने मान हलवली. “बाप पोराची खोटी शपथ कशाला घेईन? जावा.”

साहेबराव उठून बसले. “पण धर्मराजला सांगायचं न्हाई मी घाबरल्तो म्हणून.”

“न्हाई सांगत. जल्दी चला, डॉक्टर हात धुऊन उभे हायत!”

दुपारी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. बद्रीनाथ बाहेर आला, हातात बाटली, बाटलीत खड्याचा चुरा.

“निघाला एकदाचा,” तो म्हणाला. “लघवी मोकळी झाली. मूत्रपिंड वाचलं. भूल कमरेखालीच दिल्ती, तर आतबी गडी गप न्हाई, सारखं वसंता कितवीत हाय म्हणून विचारून राह्यला. जीव खाल्ला माझा!”

गोजरबाईने बाटली हातात घेऊन पाहिली, डोळे पुसले आणि त्याला हात जोडले.

“लई उपकार झाले, भाऊ. हे बाहेर येईस्तोवर मी तोंड दाबून बसल्ते. माझी थोरली बहीण परतूरला असते. रविवारी तुमची आई तुमचा फोटो घेऊन तिच्या दारात आल्ती, तवा मी तिथंच होते. पोरगा जालन्याला दवाखान्यात हाय, लग्नाचा हाय, म्हणून तिच्या पोरीला मागणी घालून गेली.” गोजरबाईने बाटली त्याच्या हातात परत दिली. “पोरगी द्यायची का न्हाई, ते बहीण पाहीन. पण ह्या वसंताचं काय करायचं, ते तुम्ही सांगा.”