एक्केचाळीस खांब

चौथ्यांदा उसवायची वेळ आली तेव्हा नवीने क्रोशाची सुई टेबलावर आपटली. "जाऊ दे चुलीत!"

आता क्रोशे म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. शेजारच्या काकूंनी दोन दुपारी बसवून साखळी शिकवली होती, खांबाचा उभा टाका शिकवला होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक स्क्रू पिळणारा हात, त्याला एवढं जमू नये? पण पांघरूण काही वाढेना. वाढायचं सोडून कडेने निमुळतं होत चाललं होतं.

पांघरूण पहिलीचं होतं. म्हणजे चिमीच्या आईचं. अर्धं विणून झालं आणि ती गेली. चिमी रोज तेच घेऊन झोपायची आणि तिचे पाय गुडघ्यापासून उघडे पडायचे. चिमीच्या बाबांशी नवीचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत पोरीने नवीला एकदाही आई म्हटलं नव्हतं. आईच काय, कुठलीच हाक नाही. "पाणी हवंय," असं भिंतीकडे बघून सांगायची. काकू म्हणाल्या होत्या, "तेवढं पांघरूण पुरं करून दे गं. बघ कशी चिकटते तुला."

पहिलीची सुई मात्र लोकरीच्या पिशवीत नव्हती. ती चिमीनेच उशीखालून काढून दिली होती. सुईच्या आकड्यात एक लांब केस अडकला होता. नवीचे केस मानेवर कापलेले, पोरासारखे. तिने तो केस हलकेच सोडवला, आणि टाकायचा कुठे ते न सुचून लोकरीच्या पिशवीतच ठेवला.

"शेवटचा खांब गाळलास."

नवीने वर पाहिलं. चिमी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिने मानसुद्धा उचलली नव्हती.

नवीने मोजलं. पहिलीच्या ओळीत एक्केचाळीस खांब. आपल्या पहिल्या ओळीत चाळीस, दुसरीत एकोणचाळीस, तिसरीत अडतीस. ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घालतात, त्यांचाही एक खांब धरायचा असतो, आणि परत येताना त्याच्या डोक्यावर शेवटचा टाका घालायचा असतो. ती दर वेळी नेमका तो टाका न घालताच वळत होती.

"तुला गं कसं कळलं?"

"आई केव्हाची ओरडतेय."

नवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पोरगी बोलत होती! तीन महिन्यांत पहिल्यांदा, आपणहून. आता तिला गप्प करायचं म्हणजे हातचं घालवायचं. नवीने हसण्यावारी नेलं.

"हो का? मग सांग तिला, नुसती ओरडू नकोस म्हणावं. येत असेल तर ये आणि हात धरून शिकव."

चिमीने रंगाचा खडू खाली ठेवला. सोफ्याच्या रिकाम्या टोकाकडे बघून ती काहीतरी पुटपुटली. मग थोडा वेळ ऐकत राहिली.

"बरं म्हणाली."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. दुपारचं ऊन गजांतून आत आलं होतं. नवीने सगळं उसवलं, पार पहिलीच्या शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिथून पुन्हा धरलं.

या वेळी जमलं. शेवटचा टाका साखळीच्या डोक्यावर बरोबर बसला. एक्केचाळीस. पुढची ओळ, एक्केचाळीस. नवीला इतका आनंद झाला की तिने मोठ्याने "शाब्बास!" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. तिसऱ्या ओळीपासून तिने मोजायचं सोडून दिलं. चौथ्या ओळीत तिच्या लक्षात आलं की लोकरीला करंगळीवरून दोन वेढे पडलेत. काकूंनी एकच दाखवला होता. एकच बरा, म्हणून तिने तो जास्तीचा सोडला. जरा वेळाने पाहिलं तर दोन्ही वेढे परत होते.

हात भराभर चालत होते. गार पडले होते, पण चालत होते. टाके पहिलीच्या टाक्यांना असे मिळून गेले होते की कुठे तिचं संपलं आणि कुठे हिचं सुरू झालं, ते नवीला स्वतःलाच सापडेना.

चिमी सरकत सरकत जवळ आली. आधी सोफ्याला टेकली, मग नवीच्या पायाला, आणि शेवटी तिने डोकं सरळ मांडीवर टाकलं. नवीचा जीव सुपाएवढा झाला. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. हात थांबतच नव्हते.

ओळ संपली. उजव्या हाताने सुई टाक्यातून काढली, डाव्याने पांघरूण गुडघ्यावर पसरून सारखं केलं. आणि उजवा हात सुई घेऊन आपला आपण मागे गेला, मानेपाशी. तिथे काहीतरी खोचू पाहत राहिला. चाचपडला. पुन्हा खोचून पाहिलं. सुई कापलेल्या केसांवरून घसरली आणि फरशीवर खण्णकन पडली.

चिमी खुदकन हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. तिने सुई उचलली आणि मांडीवरच्या त्या गार हातात नीट धरवली. वर, नवीच्या तोंडाकडे, तिने पाहिलंच नाही.

"अगं आई, आता कुठाय तुला अंबाडा?"

याच हाकेसाठी नवी तीन महिने आसुसली होती. ओ द्यायला तिने तोंड उघडलं. पण तोवर हातांनी पांघरूण उलटवलं होतं आणि पुढच्या ओळीच्या तीन साखळ्या घातल्याही होत्या.