दाजींचं पोट

"टायर बघितलेस ना?" दाजींनी विचारलं.

"दोनदा बघितले."

"आणि बाकी? काही सांगायचं राहिलं नाही ना?"

"काय राहणार?" टिल्लू म्हणाला आणि दोन सीटची सायकल स्टँडला लावून उठला. उठताना उजव्या गुडघ्यातून कळ गेली. त्यानं ओठ आवळले. चेहरा लपवायची गरज नव्हती. दाजींना जन्मापासून दिसत नव्हतं.

टिल्लू त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उंची सहा फूट, पण लहानपणीचं नाव चिकटलं ते चिकटलंच. तो वायरमन होता, दाजी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. दोन वर्षं रोज पहाटे दोघं कमरेला एकच दोरी बांधून पोहत होते, पळत होते. सायकलवर पुढे टिल्लू, मागे दाजी. उद्या सकाळी सहाला स्पर्धा सुरू होणार होती. जवळपास चार किलोमीटर पोहणं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि त्यावर बेचाळीस किलोमीटर पळणं. सगळं सतरा तासांत.

सोमवारी कामावर शिडीवरून उतरताना टिल्लूचा पाय मुरगळला होता. गुडघा टम्म सुजला, पण त्यानं ब्र काढला नाही. ऐन वेळी दुसरा जोडीदार आणायचा कुठून? आपल्यापायी दाजींची दोन वर्षं पाण्यात गेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पट्टी आवळायची, गोळ्या घ्यायच्या आणि रेटून न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

हॉटेलवर परतल्यावर दाजी जिन्यापाशी थांबले.

"लिफ्टनं जायचं का?"

"दोन मजल्यांना कसली लिफ्ट!" टिल्लू म्हणाला आणि कठड्याला धरून चढला.

खोलीतही त्यांचं तेच. झोप झाली का, उद्या जमेल ना, खरंच जमेल ना. शेवटी टिल्लू वैतागला. "दाजी, मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न काय विचारताय? जमेल म्हटलं ना!"

दाजी घड्याळाची काच उघडून काट्यांवरून बोट फिरवत बसले.

संध्याकाळचे पाच वाजायला दहा मिनिटं उरली आणि त्यांनी पोट धरलं. "माझ्यानं नाही व्हायचं रे. कळा येतायत."

टिल्लू औषधाला धावला, तर त्यांनी त्याचं मनगट पकडलं. "औषध राहू दे. मला खाली घेऊन चल."

स्पर्धेचं टेबल तळमजल्यावरच मांडलं होतं. पाचच्या आत माघार घेणाऱ्याची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत. दाजींनी टेबलावरच्या बाईंना पोटाचं सांगितलं, दोघांचे नंबर परत केले आणि बाईंनी त्यांचं बोट धरून जिथं टेकवलं तिथं सही केली.

टिल्लूला आधी राग आला. मग हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. त्यानं ताईला फोन लावला. "दाजींचं पोट बिघडलं गं. नशीब आपलं, दुसरं काय!"

सातला दोघं जेवायला बसले. टिल्लूनं त्यांच्यासाठी नुसतं सूप मागवलं. दाजींनी ते संपवलं, वर पाव, उकडलेले बटाटे आणि दोन अंडी मागवली. तीही चाटूनपुसून खाल्ली. टिल्लू बघतच राहिला.

"दाजी, पोट?"

"पोटाला काय धाड भरलीय?"

टिल्लूचा घास हातातच राहिला.

"सोमवारपासून तुझा उजवा पाय टेकतो न टेकतो तोच उचलला जातोय," दाजी म्हणाले. "दोन वर्षं त्याच पावलांच्या आवाजावर पळतोय मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

दाजींनी तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली.

"तू सांगशील, म्हणून पाच वाजेपर्यंत थांबलो."