पाचवी ओटी

डोहाळजेवणाला ओटी भरायला पाच सवाशिणी लागतात, आणि लंकाबाईंच्या अंगणात चारच जमल्या होत्या. पाचवीची गाडी नेवासा फाट्याजवळ बंद पडली होती. धाकटी सून आरती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, हिरवा पदर पसरून केव्हाची पाटावर बसली होती.

"ताई हायेत की," ती म्हणाली. "थोरली जाऊ घरात असताना बाहेरची कशाला?"

थोरल्या अश्विनीला लंकाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, चार वर्षांच्या संस्कृतीला घेऊन स्वयंपाकघरातच बसायचं. पोरगी जन्माला आली ती दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच. सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, असं लंकाबाईंनी गावभर केलं आणि दोन वर्षं दवाखाना सोडून अंगारा लावला. ऑपरेशन झालं तोवर फार उशीर झाला होता. आता संस्कृतीला उजेड कळतो, आईचा चेहरा कळत नाही.

आठ दिवसांपूर्वी संस्कृतीच्या डोळ्यांसाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. दोष बापाकडून आलेला होता. धाकट्या दिरातही असू शकतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जावेचं बाळ जन्मलं की लगेच डोळे दाखवा, दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचते. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताच मोटर चालू करायला विहिरीवर निघून गेला. अश्विनीही कुणाला बोलली नाही. होऊ दे आणखी एक, लावू दे अंगारा. या विचारानं आठ दिवस तिला गाढ झोप लागत होती.

"ताई, या ना!" आरतीनं पुन्हा हाक मारली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अश्विनीला तिचाही राग आला.

बायांसमोर लंकाबाईंना नाही म्हणता येईना. "ये. पर लवकर आवर," त्या पुटपुटल्या.

मांडीवरून उतरवताना संस्कृतीनं बोटांनी आईचा चेहरा चाचपला. अश्विनी आधी आतल्या खोलीत जाऊन आली. आरतीला हळदकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. मग हातातला घडी केलेला कागद नारळावर ठेवला.

"ह्ये काय घातलंस गं?" लंकाबाई ओरडल्या.

"संस्कृतीच्या डोळ्यांचा रिपोर्ट." अश्विनी आरतीकडे वळली. "बाळ झालं की आठवड्याच्या आत डोळे तपासून घे. दोन महिन्यांत ऑपरेशन झालं तर दिसतं. भाऊजींचे बी डोळे दाखव." मग तिनं सासूकडे पाहिलं. "ह्यो दोष मी माहेराहून न्हाई आणला, आत्या. तुमच्या लेकाच्या रक्तातला हाय."

चारही सवाशिणींनी एकदमच लंकाबाईंकडे पाहिलं. लंकाबाईंचा चेहरा उतरला. या चेहऱ्याची अश्विनीनं चार वर्षं वाट पाहिली होती. तिनं तो पोटभर पाहून घेतला.

भानावर येऊन लंकाबाईंनी कागद उचलायला हात घातला. आरतीनं पदर गोळा करून पोटाशी घट्ट धरला.

"भरल्या ओटीतलं काढत न्हाईत, आत्या," ती म्हणाली. "हात लावू नका."